ड्राइव्ह ‘फेज गेला’ म्हणतो तेव्हा

ड्राइव्हच्या कीपॅडवरचे कोणते अक्षर सर्वांत आधी पुसट होते, तर रिसेटचे. मशीन थांबते, पडद्यावर दोन-तीन अक्षरे लुकलुकतात, ऑपरेटर बटण दाबतो आणि मशीन पुन्हा सुरू होते. एका शिफ्टमध्ये असे चार-सहा वेळा झाले तरी कुणी काही बोलत नाही. मग एक दिवस बटण दाबूनही काही होत नाही आणि मेंटेनन्सवाल्याला हाक जाते. तो विचारतो, ‘काय कोड आला होता?’ उत्तर ठरलेले असते: ‘काहीतरी ओ-बिओ होतं.’

हा ड्राइव्ह म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, कारखान्याच्या बोलीत व्हीएफडी. सूतगिरणीच्या रिंगफ्रेमवर तो असतो, साखर कारखान्याच्या सेंट्रिफ्यूगलवर असतो, गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर असतो, सोसायटीच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये असतो. एसी मोटरीचा सौर कृषिपंप असेल, तर पॅनलखाली टांगलेल्या कंट्रोलरमध्येही हेच यंत्र असते. घरातल्या इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये त्याचीच लहान आवृत्ती बसवलेली असते. त्यामुळे हे कोड आता फक्त एमआयडीसीतल्या लोकांनी वाचायची गोष्ट राहिलेली नाही.

इंडक्शन मोटरीचा वेग पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. 50 हर्ट्झवर चार पोलच्या मोटरीतले चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेते आणि रोटर त्याच्या जरा मागे, 1440 च्या आसपास फिरतो. फ्रिक्वेन्सी 25 केली की वेग साधारण निम्मा. ड्राइव्ह हेच करतो, पण त्यासाठी आधी आलेला एसी पुरवठा मोडून डीसी करतो. 415 व्होल्टचा थ्री फेज पुरवठा डायोडच्या पुलावरून गेला की जवळपास 587 व्होल्टचा डीसी मिळतो. तो मोठ्या कपॅसिटरांमध्ये साठतो. या साठ्याला डीसी बस म्हणतात. पुढे आयजीबीटी नावाचे सहा अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीतून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी घडवतात. हा आयजीबीटी प्रत्यक्षात उतरवण्याचे श्रेय मद्रास आयआयटीत शिकलेल्या जयंत बालिगा यांना जाते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी हे काम केले आणि 2024 मध्ये त्यासाठी त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

आता मुद्द्याची गोष्ट. मॅन्युअलमध्ये फॉल्ट कोडची पानेच्या पाने असली, तरी साध्या ड्राइव्हला बाहेरच्या जगातले फार थोडे दिसते. डीसी बसचा व्होल्टेज, मोटरीकडे जाणारा करंट आणि हीटसिंकचे तापमान, एवढेच तो खरोखर मोजतो. बाकी सगळे तो या आकड्यांवरून ताडतो. म्हणजे पडद्यावर येतो तो ड्राइव्हचा अंदाज, आणि त्या अंदाजाला निदान समजून आपण फसतो.

‘फेज गेला’ हा कोड घ्या. वायरमन येतो, मल्टीमीटर लावतो, तिन्ही फेज ठणठणीत. ‘ड्राइव्हच खोटं बोलतोय’ म्हणून तो निघून जातो. प्रत्यक्षात बरेच ड्राइव्ह येणारे तीन फेज वेगवेगळे तपासतच नाहीत. ते बघतात डीसी बसवरचा तरंग. तिन्ही फेज असले की डायोडच्या पुलातून एका आवर्तनात सहा लाटा येतात, म्हणजे 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला 300. लाटा इतक्या जवळजवळ असल्या की कपॅसिटरला मधली दरी भरून काढणे सोपे जाते. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांमधून सेकंदाला 100 लाटाच येतात. दरी रुंद होते, बसचा व्होल्टेज खालीवर हेलकावतो आणि तो हेलकावा मर्यादेबाहेर गेला की ड्राइव्ह म्हणतो, फेज गेला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, भार हलका असेल तर कपॅसिटर हळूहळू रिकामे होतात आणि तरंग लहानच राहतो. रात्री फ्यूज उडालेला असतो, पंप निम्म्या वेगाने चालू असतो, ड्राइव्ह गप्प. सकाळी मागणी वाढते, वेग वाढतो, आणि तेव्हा कोड येतो. लोक सकाळी काय घडले ते शोधत बसतात. दुसरी गोष्ट त्याहून फसवी. आठ-दहा वर्षे चाललेल्या ड्राइव्हचे कपॅसिटर आटलेले असतात. तिन्ही फेज व्यवस्थित असूनही त्यांना दरी भरता येत नाही, तरंग मोठा होतो आणि कोड तोच येतो. फेज कुठेही गेलेला नसतो, म्हातारे झालेले असतात कपॅसिटर. तेव्हा मीटर मोकळ्या टर्मिनलवर न लावता मशीन भारावर असताना लावायचा, टाँग टेस्टरने येणाऱ्या तिन्ही वायरींचे करंट एकापाठोपाठ बघायचे. एका वायरीत करंट जवळजवळ नसेलच तर फ्यूज, काँटॅक्टर किंवा ढिली लग. तिन्हींत सारखा असेल तर नजर ड्राइव्हच्या आत वळवायची.

ओव्हरव्होल्टेजचे तर याहून गमतीशीर. हा कोड दिसला की पहिली शिवी महावितरणला. पण तो मशीन थांबत असताना आला असेल, तर बहुतेक वेळा दोष पुरवठ्याचा नसतो. जड ब्लोअर पूर्ण वेगात फिरत आहे आणि ड्राइव्हला सांगितले आहे की दहा सेकंदांत थांबव. ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी उतरवतो, पण ब्लोअरचे चाक जडत्वाने फिरतच राहते. रोटर आता चुंबकीय क्षेत्राच्या पुढे धावतो, म्हणजे मोटरीचा जनरेटर होतो आणि वीज उलटी ड्राइव्हकडे येते. डायोडचा पूल ती मागे ग्रीडकडे जाऊ देत नाही. मग ती कपॅसिटरात तुंबते. पडद्यावर डीसी बसचा आकडा लावून उभे राहिलात तर तो चढताना डोळ्यांनी दिसतो: 590, 650, 720, आणि 800 च्या आसपास पोहोचला की आयजीबीटी वाचवण्यासाठी ड्राइव्ह हात वर करतो. थांबण्याचा वेळ दहाऐवजी चाळीस सेकंद केला तर अनेकदा काम तिथेच संपते. सेंट्रिफ्यूगल किंवा लिफ्टसारखे थांबायला वेळच नसलेले यंत्र असेल, तर ती वीज जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर किंवा ती ग्रीडला परत देणारा ड्राइव्ह लागतो. रेझिस्टर असूनही कोड आला, तर आधी रेझिस्टरच उघडा पडला आहे का ते बघावे.

पुरवठाही कधीकधी दोषी असतोच. रात्री आजूबाजूचे कारखाने बंद झाले की व्होल्टेज चढतो. 450 व्होल्टला बस 636 वरूनच सुरुवात करते, म्हणून दिवसा बिनतक्रार थांबणारे मशीन रात्रपाळीला ट्रिप होते. पॉवर फॅक्टरची कपॅसिटर बँक चालू होताना क्षणभर उसळी येते, तीही पुरते. खूण एवढीच की अशा वेळी मशीन एकसारखे चालत असते किंवा चक्क उभे असते.

म्हणून कोडइतकाच महत्त्वाचा प्रश्न, तो कधी आला. काही कंपन्यांनी हे कोडमध्येच बांधले आहे. मित्सुबिशीच्या ड्राइव्हवर जास्त करंटचा कोड ओसी1, ओसी2, ओसी3 असा येतो: वेग घेताना, एकसारखा चालताना, वेग उतरवताना. डेल्टाच्या अनेक ड्राइव्हवर ओसीपुढे ए, एन किंवा डी असते, अर्थ तोच. श्नायडरचे काही अल्टिव्हार ब्रेकिंगमुळे चढलेल्या व्होल्टेजला ओबीएफ म्हणतात आणि पुरवठ्यामुळे चढलेल्याला ओएसएफ. सगळे इतके उदार नाहीत. सीमेन्सच्या मायक्रोमास्टरवर ओव्हरव्होल्टेज म्हणजे एफ0002, डॅनफॉसच्या व्हीएलटीवर अलार्म 7, एबीबीच्या एसीएस550 वर फॉल्ट 2. सर्वांनी मिळून एक यादी ठरवायला काय हरकत होती, हा प्रश्न प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला पडलेला आहे. (लहान-मोठी लिपी कोडमध्ये विचित्रपणे मिसळलेली दिसते, ती मात्र हौस म्हणून नव्हे. सात दांड्यांच्या पडद्यावर काही अक्षरे मोठ्या लिपीतच उमटतात, काही छोट्याच, आणि एम किंवा डब्ल्यू धड उमटतच नाहीत.)

वेग घेताना जास्त करंटचा कोड आला तर वेग घेण्याचा वेळ कमी आहे, भार अडकला आहे किंवा लिफ्टचा ब्रेक सुटलेला नाही. चालता चालता आला तर काहीतरी एकदम जाम झाले, नाहीतर ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामधल्या काँटॅक्टरने चालू मोटर मध्येच तोडली. पण स्टार्ट दाबताक्षणी, चाक हलायच्या आत आला, तर रिसेट पुन्हा दाबू नये. वीज बंद करून मोटरीच्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन वायरी ड्राइव्हपासून सोडवाव्यात आणि ड्राइव्ह नुसता चालवून बघावा. तरीही तोच कोड, तर बहुधा आयजीबीटी गेला. कोड गेला, तर दोष केबलमध्ये किंवा मोटरीत. ‘मोटरीचा फेज नाही’ असा वेगळाच कोड आला तर घाबरायचे कारण नाही. मोटर आपणच काढलेली आहे.

यापुढे मेगर येतो, आणि इथेच अनेक ड्राइव्ह हकनाक मरतात. मेगर 500 व्होल्ट टाकून इन्सुलेशन तपासतो. मोटरीच्या वायरी न सोडवता तो मारला तर ते व्होल्ट थेट ड्राइव्हच्या आत जातात. आधी वायरी सोडवायच्या, मगच मेगर. निरोगी मोटर शेकडो मेगओहम दाखवते. काटा 1 मेगओहमजवळ घुटमळत असेल तर मोटर सुकवायला नाहीतर रिवाइंडिंगला पाठवावी. कोकणात पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या स्टार्टला अर्थ फॉल्ट येतो आणि मोटर तापली की दिवसभर येत नाही. याचे मूळ बहुधा टर्मिनल बॉक्समध्ये साचलेल्या दमटपणात आणि ढिल्या ग्लँडमध्ये सापडते. अर्थ फॉल्ट ओळखण्यासाठी ड्राइव्ह मोटरीच्या तिन्ही वायरींतल्या करंटची बेरीज करत असतो. ती शून्य यायला हवी. जेवढी कमी-जास्त भरते तेवढा करंट जमिनीत चाललेला असतो.

मोटर ओव्हरलोडचा कोड पुन्हा निव्वळ हिशेब. मोटरीत वेगळा तापमापक बसवलेला नसेल, तर ड्राइव्हला तिचे तापमान माहीत नसते. करंट किती, किती वेळ, आणि वेग कमी असेल तर मोटरीचा स्वतःचा पंखा किती मंद फिरतोय, यावरून तो तापमान काढतो. हिशेबाचा पाया म्हणजे पॅरामीटरमध्ये भरलेला मोटरीचा नेमप्लेट करंट. दहा एचपीची मोटर रिवाइंडिंगला गेली, तिच्या जागी तात्पुरती साडेसातची बसवली आणि पॅरामीटर तसाच ठेवला, तर ड्राइव्ह 14 अँपिअरपर्यंत निवांत असतो आणि 11 अँपिअरची मोटर एकही कोड न येता जळते. सौरपंपाचा ‘पाणी नाही’ हा कोडही असाच: बऱ्याच कंट्रोलरमध्ये करंट अपेक्षेपेक्षा फार कमी झाला की बोअर आटली असे मानले जाते. पंपाचे कपलिंग तुटले तरी करंट तसाच पडतो, आणि पाण्याने भरलेल्या बोअरवर कोड मात्र कोरडेपणाचा.

तापण्याच्या कोडला तेवढी हुशारी लागत नाही, झाडू लागतो. इचलकरंजीकडे हीटसिंकमध्ये कापसाची पिंजण बसते, साखर कारखान्यात बगॅसची बारीक धूळ. ड्राइव्हची पूर्ण क्षमता साधारणपणे 40 अंशांपर्यंत धरलेली असते आणि विदर्भात मे महिन्यात पॅनलबाहेरच 45 असतात. यावरचा सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे पॅनलचे दार उघडून समोर पेडेस्टल फॅन लावणे. आठवडाभर बरे वाटते, मग आत दुप्पट धूळ जमते आणि उबेला पाल येऊन बसते. फिल्टर धुणे आणि पंखा बदलणे याला पर्याय नाही. कपॅसिटर दर दहा अंशांनी जास्त तापला की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, आणि मग सुरुवातीचा तो ‘फेज गेला’ कोड दारात उभा राहतो.

तर रिसेट दाबण्याआधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढावा. बहुतेक ड्राइव्ह शेवटचे काही फॉल्ट साठवून ठेवतात, आणि बरेच ड्राइव्ह त्या क्षणाचा बस व्होल्टेज, करंट आणि फ्रिक्वेन्सीही. मेनूमधला हा पंचनामा वाचायला दोन मिनिटे पुरतात. मशीन वेग घेत होते, चालत होते की थांबत होते, एवढे लॉगबुकात लिहिले तरी पुढच्या माणसाचे निम्मे काम होते.

आणि झाकण उघडायचे असेल तर मेन स्विच बंद केल्यावर थांबा. कपॅसिटरांत पाचशेहून जास्त व्होल्ट अजून शिल्लक असतात. लहान ड्राइव्हला निदान पाच मिनिटे, मोठ्याला पंधरा, नेमका वेळ झाकणावर छापलेला असतो. चार्जचा दिवा विझला यावर विसंबू नका. डीसी बसच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवर मीटर लावा, आकडा 50 व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका.