इंग्रजीत विनंती कशी करावी?

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांना इंग्रजी येते; राज्यात 2000 पासून ते पहिलीपासूनच शिकवले जाते. अडते ते विनंती करताना.

मराठीत ‘दे’चे ‘द्या’ केले, की मान आपोआप राखला जातो. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना ‘यू’च आणि क्रियापदही तेच. म्हणून तिथे आदर दाखवायला वाक्य प्रश्नार्थक करतात. ‘गिव्ह मी लीव्ह’ हा हुकूम वाटतो. नुसते ‘प्लीज’ जोडूनही त्याची धार पूर्ण जात नाही. ‘कुड आय टेक अ डे ऑफ टुमॉरो, प्लीज?’ असे विचारले, तर ऐकणाऱ्याला नाही म्हणायला वाव राहतो. सौजन्य त्या मोकळिकीतच आहे.

‘कॅन यू’ रोजच्या कामाला चालते; ‘कुड यू’ त्याहून मऊ. इथे ‘कुड’चा भूतकाळाशी संबंध नाही. ‘वुड यू माइंड वेटिंग?’ म्हणजे ‘थांबायला हरकत नाही ना?’ थांबायची तयारी असेल, तर उत्तर ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’. इथे ‘येस’ म्हटले, तर हरकत आहे असा अर्थ होतो.

मुलाखतीआधी ही चार वाक्ये मोठ्याने म्हणून जिभेवर बसवावीत.