सॉफ्टवेअर-व्यवसायातील पूर्वानुभव आणि लिनक्सचा मार्ग

नोकरीस पूर्वानुभव हवा आणि अनुभवास नोकरी हवी, अशा पेचात सापडलेल्या पदवीधरास मुक्त-स्रोत प्रकल्प हा एक मार्ग उपलब्ध आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टॉरवॉल्ड्स याने १९९१ साली आरंभिलेले लिनक्स कर्नल हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यात दुरुस्ती सुचविण्यास नेमणूक लागत नाही. शिस्त मात्र कडक आहे. एका पॅचमध्ये एकच बदल असावा, त्याचे कारण लिहावे, आणि २००४ पासून रूढ झालेल्या नियमानुसार, हे लेखन देण्याचा आपणास अधिकार आहे, असे स्वतःच्या नावानिशी प्रमाणित करावे. त्या भागाचा व्यवस्थापक ते सर्वांसमक्ष तपासतो व पुष्कळदा परत करतो. त्यात मानहानी नाही. सुधारून पुन्हा पाठविणे हाच तेथील रिवाज.

परीक्षेसाठी रचलेली आज्ञावली गुण मिळताच निकालात निघते. येथे मात्र परक्याचे जुने लेखन आधी वाचावे लागते, आणि आमच्या मते खरे शिक्षण ते हेच. ‘स्टेजिंग’ या भागात अपुऱ्या दर्जाचे ड्रायव्हर ठेवलेले असतात. नवख्याने तेथून आरंभ करावा. (केवळ मोकळ्या जागा नीटनेटक्या करण्यात वर्ष घालवू नये, हे सांगणे नलगे.) स्वीकृत पॅच गिटच्या नोंदीत कर्त्याच्या नावाने राहतो, आक्षेपांना त्याने दिलेली उत्तरेही ई-मेलच्या संग्रहात निवड करणाऱ्यास वाचता येतात.