डोंगरात जा, पण बेत आखून जा!

पाऊस सुरू झाला की रविवारी लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आपल्या वस्त्यांतली पोरेही असतात. पाठीला पिशवी, हातात मोबाईल आणि डोक्यात धबधबा. कोणत्या वाटेने चढायचे, कोठून उतरायचे, परतीची गाडी किती वाजता, यातले काहीच ठरलेले नसते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचेच होते.

डोंगरात जाऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. जा, अवश्य जा. पण सह्याद्री हा आपल्यासाठी केवळ धबधबा नाही, हे ध्यानात ठेवून जा.

तथागतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी गावोगाव पायी फिरायला सांगितले. त्याच तथागतांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबण्याचा नियमही घालून दिला. त्याचे कारण विनयपिटकात दिले आहे. भिक्खू पावसात फिरतात, हिरवे कोंब तुडवतात, लहान जीव पायाखाली मारतात, अशी लोकांची तक्रार होती. लोकांचे म्हणणे रास्त होते, म्हणून वर्षावास आला. सह्याद्रीच्या कातळात विहार खोदले गेले ते भिक्खूंच्या निवासासाठी आणि या वर्षावासासाठी. ज्यांनी ही लेणी वसवली ते पावसात डोंगर तुडवत फिरत नव्हते आणि आपण मात्र नेमके पावसातच तेथे झुंडीने जातो! म्हणून बेतातली पहिली गोष्ट हंगामाची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची धावपळ संपली, भाताची कापणी होत आली की निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालायला उत्तम. वाट कोरडी असते, ऊन सोसवते आणि शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचे नुकसान होत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. प्रथमच जाणाऱ्यांसाठी भाजे ते बेडसे ही दोन दिवसांची वाट सोयीची आहे. पुणे-लोणावळा लोकल मळवली स्थानकावर थांबते. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी. मळवलीहून भाजे गाव चालत पाऊण तासावर आहे. गावातून पायऱ्या चढल्या की इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेले चैत्यगृह समोर येते. त्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. जवळच चौदा लहान स्तूपांचा समूह आहे आणि त्यांतल्या काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. येथे घाई करू नका. दोन तास तरी काढा.

भाज्याहून लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीत चढायचे आणि लोहगडवाडीत मुक्काम करायचा. लोहगड सुमारे ३४०० फूट उंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून विसापूरचा डोंगर डाव्या हाताला ठेवत बेडसे गाठायचे. ही वाट मोठी आहे, फाटे पुष्कळ आहेत, तेव्हा वाडीतला वाटाड्या घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. त्याची मजुरी आदल्या रात्रीच ठरवा आणि घासाघीस करू नका. श्रमाच्या मोलासाठी लढलेल्या समाजाने दुसऱ्याच्या श्रमात कपात करावी, हे शोभत नाही. बेडशाहून कामशेत स्थानकाकडे जाणारे वाहन मिळते, पण त्याची आणि शेवटच्या लोकलची चौकशी आधीच करून ठेवा. कार्ला इंद्रायणीच्या पलीकडच्या डोंगरात आहे. त्यासाठी वेगळा दिवस राखा.

तिसरी गोष्ट पाण्याची. माणशी तीन लिटर पाणी सोबत हवेच. लेण्यांत पाण्याची टाकी आहेत, पण आज ते पाणी तसेच पिण्याजोगे नसते. तरी त्या टाक्यांपाशी थांबा. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. भाज्याच्या एका टाक्यावर ते दान देणाऱ्या महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचे नाव आहे. बेडशाला टाक्याजवळ सामडिनिका या महारठिनीचे नाव कोरलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात पाणी हे दान होते. एका स्त्रीने आपल्या नावाने ते द्यावे, ही तेव्हा अभिमानाची गोष्ट होती.

याच महाराष्ट्राच्या भूमीवर पुढे पाण्याचे काय झाले, हे आपल्याला कोणी सांगायला नको. महाडचे चवदार तळे १९२७ सालचे. त्यानंतर सात वर्षांनी, १९३४ साली, बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. तो प्रवास त्यांनी गाजावाजा न करता आखला होता, कारण अस्पृश्य म्हणून ओळख पटली तर वाटेत अडचणी येणार हे ठाऊक होते. दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी धुळीने माखलेल्या मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून गलका झाला. ओरडणारा वृद्ध मुसलमान होता. धर्म कोणताही असो, शिवाशिव तेथेही पोचली होती. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. कशासाठी? आत कोठेही यांनी पाण्याला शिवू नये म्हणून! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

परदेशात शिकलेल्या बॅरिस्टरला लेणी पाहण्याचा बेत ओळख झाकून आखावा लागला. आज आपण तो उघडपणे आखतो, रेल्वेच्या डब्यात निळी टोपी घालून बसतो, हे कोणाच्या मेहरबानीने नव्हे. देशभर मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या कलम १९ ने दिले. सार्वजनिक विहिरी, तळी, रस्ते यांवरची आडकाठी कलम १५ ने मोडली. हा हक्क वापरायचा तर तो जबाबदारीने वापरला पाहिजे.

म्हणून चौथी गोष्ट वागण्याची, आणि ती थोडी कडू आहे. लेण्यांच्या भिंतींवर बदामात कोरलेली नावे दिसतात, तसे काही ठिकाणी खडूने, रंगाने लिहिलेले 'जयभीम'ही दिसते. स्तूपाला मेणबत्त्या चिकटवल्या जातात, काजळीने कातळ काळा पडतो. ही श्रद्धा नव्हे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की, आपला पुरावा आपणच पुसतो आहोत. 'पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली' असे सांगणाऱ्याला उत्तर द्यायला आपल्याकडे भिंतीवरची ती धम्मलिपीच आहे. कार्ल्याच्या चैत्याचे द्वार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने घडवले आहे, काही खांब यवनांनी दिले आहेत. कोंडाण्याला कण्हाचा शिष्य बलक याने आपले नाव कोरले आहे. सुतार, व्यापारी, परदेशी, स्त्रिया यांनी मिळून उभारलेला हा वारसा आहे, हे ती अक्षरेच सांगतात. ती झिजली, काळी पडली, तर आपले म्हणणे कोण ऐकणार?

तेव्हा मित्रांनो, बुद्धविहारात रविवारी जमता तेथेच हा बेत आखा. दहा-पंधरा जणांचा गट करा. मुलींना बरोबर घ्या, आणि स्वयंपाक-भांडी त्यांच्या गळ्यात मारू नका. नकाशा काढा, औषधांची पेटी भरा, खर्च सारखा वाटा, दारूला थारा देऊ नका, प्रत्येकाच्या घरी मार्ग आणि परतीची वेळ कळवा. जाण्याआधी महिनाभर धम्मलिपीची अक्षरे गिरवा. ज्याला वाचता येते तो बेडशाच्या टाक्यापाशी उभा राहून सामडिनिकेचे नाव इतरांना वाचून दाखवील. आपल्या पूर्वजांना ज्या पाण्याजवळ उभे राहू दिले नाही, त्या पाण्याची खरी मालकी कोणाची होती, हे त्या वेळी वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.