ज्योतीची रेघ

दगडाची मूर्ती छिन्नीने घडते, मातीची बोटांनी आणि पितळेची साच्यातून. पोलादाच्या जाड प्लेटमधून शिल्प काढायचे असेल तर मात्र हातात गॅस कटर घ्यावा लागतो. गेली तीसेक वर्षे मी पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे. आठवड्याचे सहा दिवस टाक्या, हॉपर, जिने आणि मशीनचे सांगाडे. गुरुवारी वसाहतीला सुट्टी असते. त्या दिवशी उरल्यासुरल्या प्लेटच्या तुकड्यांतून मी अशा काही वस्तू उभ्या करतो, की ज्यांचा व्यवहारात काडीचा उपयोग नाही.

त्या पाहायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "हे काय आहे?" एकाला त्यात मोर दिसतो, दुसऱ्याला मोडका नांगर. एका नातेवाईकांनी तर, "पूर्ण झाल्यावर कळेल म्हणा!" असे म्हणून माझी समजूतही घातली. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला हसण्यावारी नेणे बरे नव्हे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर आधी त्या ज्योतीपासून सुरुवात करायला हवी.

पुष्कळांची समजूत अशी, की गॅस कटर लोखंड वितळवतो. खरे म्हणजे तो लोखंड जाळतो. काळ्या सिलिंडरमधला ऑक्सिजन आणि मरून रंगाच्या सिलिंडरमधला ॲसिटिलीन नोझलच्या तोंडाशी एकत्र पेटतात आणि तीन हजार अंशांहून अधिक उष्णतेची निळसर ज्योत तयार होते. तिने प्लेटची कड तापवायची. ती लालभडक झाली, म्हणजे साधारण नऊशे अंशांपर्यंत पोचली, की कटरचा खटका दाबायचा. शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि लोखंड लाकडासारखे पेट घेते. जळून तयार झालेले ऑक्साइड पोलादापेक्षा कमी उष्णतेला वितळते, म्हणून ते झोताबरोबर खाली वाहून जाते आणि मागे दीड-दोन मिलिमीटर रुंदीची फट उरते. स्टेनलेस स्टील या ज्योतीला दाद देत नाही. त्यातल्या क्रोमियमचे ऑक्साइड सहजी वितळत नाही. ते चिलखतासारखे आडवे येते.

बाकी सगळा हाताचा खेळ. दहा मिलिमीटरची प्लेट असेल तर सरावलेला हात मिनिटाला साधारण फूटभर पुढे सरकतो. हात रेंगाळला तर वरची कड वितळून गोल होते आणि खाली मळी चिकटून बसते. घाई केली तर काप तुटतो आणि ठिणग्या उलट्या तोंडावर येतात. नीट चाललेल्या कापाचा एक अखंड, कापड फाडल्यासारखा आवाज येतो. जुने मिस्त्री डोळ्यांइतकेच कानांनी कापतात. कापलेल्या कडेवर बारीक तिरप्या रेघा उमटतात. हात कुठे थबकला, कुठे वळला, कुठे श्वास घेतला, ते सगळे त्या रेघांत वाचता येते. मातीत चूक झाली तर थापून बुजवता येते. इथे एकदा रेघ ओढली की ओढली.

कारखान्यातले हे हत्यार कलेत आले ते कारखान्यातूनच. ज्यूलिओ गोन्झालेझ हा बार्सिलोनात १८७६ साली जन्मलेला, धातुकाम करणाऱ्या घराण्यातला माणूस. १९१८ मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉ मोटार कारखान्यात काम करताना तो गॅस वेल्डिंग शिकला. पुढे १९२८च्या सुमारास पिकासोला लोखंडात काही करावेसे वाटले तेव्हा त्याने आपल्या या जुन्या मित्राला गाठले. दोघांनी मिळून केलेल्या शिल्पांत भरीव शरीर जवळजवळ उरलेच नाही. लोखंडाच्या सळया आणि पत्रे यांनी हवेत चित्र काढावे तसा तो प्रकार होता.

त्या शिल्पांची छायाचित्रे एका फ्रेंच मासिकातून अमेरिकेत डेव्हिड स्मिथ या तरुण चित्रकाराच्या पाहण्यात आली. स्मिथने १९२५च्या उन्हाळ्यात स्टुडबेकर मोटार कारखान्यात काम केलेले होते. लोखंड त्याला परके नव्हते. १९३३ मध्ये त्याने वेल्डिंगची पहिली शिल्पे केली. त्यानंतर लवकरच ब्रुकलिनच्या धक्क्यावरच्या टर्मिनल आयर्न वर्क्स नावाच्या लोहारकाम करणाऱ्या शॉपमध्ये त्याने जागा मिळवली. दुसऱ्या महायुद्धात तो आगगाडीची इंजिने आणि रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता. न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंग या खेड्यात त्याने स्वतःचे शॉप थाटले, तेव्हा त्यालाही नाव दिले टर्मिनल आयर्न वर्क्स! स्टुडिओ म्हणवून घेण्यापेक्षा शॉप म्हणवून घेणे त्याला अधिक आवडत असावे.

१९६२ साली इटलीतल्या स्पोलेतोच्या महोत्सवासाठी स्मिथला बोलावणे आले. तिथल्या पोलाद कंपनीने जिनोआजवळच्या व्होल्त्री गावातला बंद पडलेला कारखाना आणि मदतीला कामगार दिले. अपेक्षा एखाद-दुसऱ्या शिल्पाची होती. स्मिथने तीस दिवसांत सत्तावीस शिल्पे केली! कामगारांनी मागे सोडलेले चिमटे, चाके, प्लेटचे कापून उरलेले तुकडे हाच त्याचा कच्चा माल. आम्ही धंदेवाले ज्याला भंगार म्हणतो आणि काट्यावर घालून किलोच्या भावाने विकतो, त्यात त्या माणसाला अक्षरे दिसली. घरी परतल्यावरही तिथली काही अवजारे आणि लोखंड त्याने अमेरिकेला मागवून घेतले आणि त्यातून पुन्हा शिल्पांची मालिका केली. १९६५ मध्ये वाहन अपघातात तो गेला, तेव्हा त्याचे वय साठीचेही नव्हते.

आपल्याकडेही हे वारे आले. मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३-१९८६) यांनी भंगार धातू जोडून अमूर्त शिल्पे केली. एका बाईमाणसाने वेल्डिंगचा चष्मा चढवून लोखंडाशी झुंजावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बडोद्याच्या राघव कनेरिया यांनीही भंगार लोखंडात महत्त्वाचे काम केले आहे.

माझी पद्धत साधी आहे. आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून टेबलावर उभे करून पाहायचे. मग शॉपच्या जमिनीवर खडूने पूर्ण आकार काढायचा. पुठ्ठ्याला वजन नसते, पोलादाला असते. एक मीटर लांब-रुंद, दहा मिलिमीटर जाड प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरते. चेनपुलीला टांगलेला असा तुकडा हळूहळू खाली आणून दुसऱ्याच्या कडेवर टेकवायचा, गुण्या लावून पाहायचा, मग तो गुण्या बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहायचा आणि दोन टाके मारून दूर जाऊन उभे राहायचे. कुठे ताण येतो, कुठे ते आता पडेल असे वाटते आणि तरी पडत नाही, तिथे माझे शिल्प असते. त्यामुळे "हे काय आहे?" यापेक्षा "हे उभे कसे राहिले?" असे कोणी विचारले तर मला आनंद होतो.

खरे तर अमूर्त आकार आपल्या डोळ्यांना नवा नाही. गावाच्या शिवेवरचा म्हसोबा आठवून पाहा. नाक नाही, डोळे नाहीत. नुसता शेंदूर फासलेला तांदळा. त्याच्यासमोर उभे राहून "हे कशासारखे दिसते?" असे आपल्या आजीने कधी विचारले नाही. दगडाचे वजन, त्याचे तिथे असणे तिला पुरेसे होते. माझ्या लोखंडाला कोणी देवपण द्यावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. एवढेच, की आपल्याला पाहता येत नाही, हा समज खरा नव्हे.

आता आमच्या मामांविषयी. ते शॉपमधले गॅस कटिंगचे मिस्त्री, मूळचे बार्शीकडचे. पंचवीस मिलिमीटरच्या प्लेटमध्ये पट्टी न लावता वळण कापावे तर त्यांनीच. २०११ साली शॉपमध्ये संगणकावर चालणारे कटिंग मशीन आले. ते मामांपेक्षा अचूक कापते, थकत नाही आणि एकाच प्लेटमध्ये जास्त तुकडे बसवते. मामांनी दोन दिवस त्याच्याशेजारी उभे राहून ते मन लावून पाहिले. मग म्हणाले, "मशीन झकास आहे, साहेब. आता माझं काम काय, तेवढं सांगा."

या प्रश्नाला धंद्यात माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते. त्यांना दुसरे काम दिले. पगार तोच राहिला. पण एका हाताने चाळीस वर्षांत जे कमावले होते, त्याला गिऱ्हाईक उरले नव्हते. मी त्यांना गुरुवारी बोलावले, रोजाची मजुरी ठरवूनच. खडू त्यांच्या हातात दिला आणि म्हटले, "मामा, आज रेघ तुम्ही मारा."

मामा बराच वेळ प्लेटकडे बघत राहिले. आयुष्यभर ते दुसऱ्याने आखलेल्या रेघेवरूनच चालत आले होते. शेवटी त्यांनी विचारले, "कुठपर्यंत मारू?"

"थांबावंसं वाटेल तिथपर्यंत."

त्यांनी खडू खिशात टाकला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सरळ कटर पेटवला. जी रेघ निघाली ती नदीच्या काठासारखी होती. मध्येच एक झोकदार वळण, मग लांब शांत उतार. मशीनला तीच रेघ आखून दिली असती तर त्याने ती हुबेहूब कापली असती, यात शंका नाही. पण ती आधी कोणाला तरी सुचायला हवी होती, आणि मामांना ती कापता कापता सुचली. मी सवयीने ग्राइंडर उचलला तेव्हा ते घाईने म्हणाले, "ही कड घासू नका, साहेब. असू द्या तशीच."

त्यानंतर आम्ही बरेच गुरुवार एकत्र काम केले. शिकागोच्या चौकात १९६७ पासून पिकासोचे पन्नास फूट उंच, १६२ टनांचे पोलादी शिल्प उभे आहे. जग त्याला पिकासोचे म्हणते, आणि कल्पना त्याचीच होती. पण त्या प्लेटा कापल्या, जोडल्या त्या इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरातल्या पूल बांधणाऱ्या कारखान्याच्या कामगारांनी. आमच्या धंद्यात महत्त्वाच्या कामावर वेल्डर आपल्या जोडाशेजारी स्वतःचा नंबर पंचने ठोकतो, म्हणजे उद्या काही झाले तर माणूस सापडावा. कटरचा नंबर मात्र कुठेच नसतो. त्याची कड पुढच्या वेल्डिंगखाली कायमची झाकली जाते.

मामा २०१९ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. त्यांनी कापलेली ती प्लेट आमच्या फाटकाशी उभी आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत तिच्यावर तांबूस गंज धरला आहे. दर पावसाळ्यानंतर मी तारेच्या ब्रशने घासून तिला तेलाचा हात देतो. पायथ्याच्या प्लेटवर पंचने दोघांची आद्याक्षरे ठोकली आहेत, आधी त्यांची, मग माझी. वाचकहो, एखाद्या बागेत, चौकात असे पोलाद उभे दिसले तर क्षणभर थांबा. त्याच्याभोवती एक फेरी मारा आणि मग जवळ जाऊन कडेवरून सावकाश बोट फिरवा. तिथे बारीक तिरप्या रेघा लागल्या तर समजा, की इथून कोणाचा तरी हात गेला आहे.