झेंड्यातले रंग कोणाचे?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. प्रजासत्ताकदिनासाठी शाळेत मुलांचे समूहगीत बसवीत होतो. मुले दमली म्हणून मध्ये थोडे थांबलो आणि बोलता बोलता राष्ट्रध्वजातील रंगांचा अर्थ सांगितला. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा उरलेल्या सर्वांचा, अशी ती सोपी वाटणी. मला लहानपणी सांगितली तशीच मी पुढे सांगितली. तबल्याला बसणारा मुलगा मुसलमान घरातला, वय बारा-तेरा. डग्ग्यावरचा हात न काढताच त्याने विचारले, "सर, मग आमचा रंग सगळ्यांत खाली का?"

त्याच्या विचारण्यात तक्रार नव्हती, नुसती जिज्ञासा होती, आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना. "उद्या सांगतो," असे म्हणून मी पेटी पुढे ओढली.

ही वाटणी मला माझ्या वडिलांकडून आली. नाना तरुणपणी बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात सनई वाजवीत. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती चाकरी संपली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. नानांची सारी तालीम एका खाँसाहेबांकडे झालेली. खाँसाहेबांची तसबीर आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर असे. तेव्हा नानांच्या सांगण्यात दुजाभाव मुळीच नव्हता. दोघांचे रंग एका कापडात आले, याचे त्यांना कौतुकच होते. पण कौतुकाने सांगितलेली गोष्टही तपासून घ्यावी लागते. मी ग्रंथालयात जाऊन बसलो.

नानांचे सांगणे निराधार नव्हते, फक्त जुने होते. सन १९२१ मध्ये बेझवाडा येथे काँग्रेसच्या बैठकीच्या वेळी पिंगळी वेंकय्या या आंध्रातील कार्यकर्त्याने तांबडा आणि हिरवा अशा दोन रंगांचा झेंडा गांधीजींपुढे ठेवला. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची. इतर धर्मीयांसाठी पांढरा पट्टा गांधीजींनी घालावयास सांगितला. त्या वेळी रंग खरोखरच समाजांचे होते. परंतु त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. सर्वांत वर पांढरा, मध्ये हिरवा आणि सर्वांत खाली हिंदूंचा तांबडा! संख्येने सर्वांत लहान त्याला पहिला मान, आणि जो सर्वांत बलवान त्याने खाली राहून दुबळ्याची ढाल व्हावे, असा त्यामागचा विचार होता. १९२३ साली नागपुरात सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला तो चरख्याच्याच झेंड्यासाठी.

मात्र रंग एकदा वाटून दिले की वाटेकरी वाढतात. शिखांनी आपलाही रंग हवा अशी मागणी केली, आणि ती गैर कशी म्हणावी? अखेर १९३१ साली काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तिच्यात वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर दोघे आपल्या परिचयाचे होते. एक हिंदुस्थानी सेवा दलाचे हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि दुसरे काका कालेलकर, जे पूर्वी आमच्या बडोद्यातील गंगनाथ विद्यालयात शिकवीत असत. या समितीने सबंध झेंडा एकाच केशरी रंगाचा असावा आणि त्यावर तपकिरी चरखा असावा, अशी शिफारस केली. कोणत्याही समाजाचा म्हणून नव्हे, तर वाटणीचा प्रश्नच उरू नये म्हणून! आझाद आणि तारासिंग ज्या समितीत होते, तिनेच हे सुचविले, ही गोष्ट मला विशेष वाटली.

काँग्रेसने ती शिफारस मानली नाही. तथापि तिच्यामागचा हेतू मानला. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला केशरी, पांढरा आणि हिरवा असा झेंडा मुक्रर झाला आणि रंगांना जातीय अर्थ नाही, हेही त्याबरोबरच सांगण्यात आले. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. तो ठराव मी दोनदा वाचला. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा हे समान पट्टे, मध्ये सारनाथच्या सिंहस्तंभशीर्षावरून घेतलेले निळे चक्र, आणि दोनास तीन हे प्रमाण. एवढे त्यात आहे. चक्र हे चरख्याचे प्रतीक, असेही म्हटले आहे. पण रंगांच्या अर्थाविषयी ठरावात एक अक्षर नाही. तो अर्थ त्या दिवशीच्या भाषणांतून आला. रंगांना जातीय अर्थ नाही, हे नेहरूंनी सांगितले. डॉ. राधाकृष्णन यांनी केशरीत वैराग्य पाहिले, पांढऱ्यात सत्याच्या वाटेवरचा प्रकाश, आणि हिरव्यात मातीशी, आपले सर्वांचे जीवन जिच्यावर अवलंबून आहे त्या वनस्पतिसृष्टीशी असलेले नाते.

म्हणजे जी वाटणी १९३१ सालीच मोडली, ती मी आजच्या मुलांना शिकवीत होतो. आम्ही गाणारे लोक घराण्यांवरून कितीही भांडलो तरी गंधार अमक्याच्या मालकीचा, असे कोणी म्हणत नाही. नानांची सनई तर साऱ्या आयुष्यभर हेच सांगत होती. रंगांच्या बाबतीत मला ते सुचू नये, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडण्याआधी मी सर्व मुलांना जवळ बसविले, कारण चुकीचे सांगितले होते ते सर्वांना. "काल मी तुम्हांला जुना आणि सोडून दिलेला अर्थ सांगितला," असे म्हणून १९२१ पासूनची हकीकत सांगितली. तांबडा पट्टा सर्वांत खाली होता हे ऐकून मुलांना गंमत वाटली. तबल्यावरच्या मुलाने विचारले, "मग सर, आता हिरवा कोणाचा?"

"शेताचा," मी म्हणालो. "जो जो भाकरी खातो, त्या प्रत्येकाचा."

आमच्यात उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, आणि सूर चुकला तरीही लावतात. मी कानाला हात लावला. त्याने हसून मान हलविली आणि केरवा धरला.