क्रॉसओव्हर बाहेर काढताना

इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत ज्युलियन व्हेरेकर यांनी 1973 मध्ये उभ्या केलेल्या नेम ऑडिओ कंपनीचा, ऐंशीच्या दशकातला एसबीएल स्पीकर घ्या. बहुतेक स्पीकरांचा क्रॉसओव्हर पेटीच्या पोटात आवळलेला असतो. एसबीएलचा मात्र बाहेर, सुटा. तो काढायचा, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर आणायचा, ॲम्प्लिफायर वाढवायचे, की पॅसिव्ह स्पीकर ॲक्टिव्ह होतो. घेणारा पुढेमागे या वाटेने जाईल, हे ओळखूनच तो घडवला होता.

क्रॉसओव्हरचं काम वाटणीचं. तबल्याच्या चाटेची धार ट्वीटरकडे, डग्ग्याचा घुमारा वूफरकडे. पॅसिव्ह रचनेत ही वाटणी ॲम्प्लिफायरच्या पुढे होते, म्हणजे जिथे प्रवाह सर्वांत मोठा तिथेच. वूफरच्या वाटेत तांब्याची जाड कॉइल येते आणि ॲम्प्लिफायरची वूफरवरची पकड सैल होते. ट्वीटर बहुधा वूफरपेक्षा बोलका, म्हणून त्याला रेझिस्टर लावून आवरतात. ती शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. शिवाय वूफरची आतली कॉइलही वाजताना तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. कॉइल 100 अंशांनी तापली, तर ज्या रोधावर फिल्टरचं गणित मांडलं तोच जवळपास 40 टक्क्यांनी वाढलेला असतो.

ॲक्टिव्ह रचनेत क्रॉसओव्हर प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये बसतो. तिथे सिग्नल एक-दोन व्होल्टचा आणि प्रवाह नगण्य, त्यामुळे फिल्टर नेमका राहतो. मात्र प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे ट्वीटरला आणि वूफरला, स्वतंत्र ॲम्प लागतो. नेमच्या इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हरचं नावच हिशेब सांगतं: नॅक्सो 2-4 म्हणजे प्रत्येक चॅनेलच्या दोन वाटा, एकूण चार बाहेर. तीन ड्रायव्हरांच्या स्पीकरसाठी 3-6.

खरी कसोटी इथून पुढे आहे. पॅसिव्ह क्रॉसओव्हर फक्त वाटणी करत नाही. ट्वीटर-वूफरची पातळी, त्यांच्या स्वरांचा मेळ, अरुंद पेटीमुळे खालच्या स्वरांत येणारी घट, हे सगळं त्याच चार-सहा भागांत सांभाळलेलं असतं. बनवणाऱ्याचा कान क्रॉसओव्हरच्या त्या फळीवर असतो. म्हणून नॅक्सोची जुळणीही स्पीकरच्या मॉडेलनुसार वेगळी असे. ह्यूलेट-पॅकार्डमधले सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांची 1976 पासूनची क्रॉसओव्हर-रचना आज सर्वत्र वापरली जाते: उतार दर सप्तकाला 24 डेसिबल, आणि जोडाच्या जागी दोन्ही बाजू 6 डेसिबल खाली. पण तेवढं सूत्र बसवून भागत नाही. मापनाचा मायक्रोफोन लावून प्रत्येक ड्रायव्हर ऐकावा आणि मोजावा लागतोच. डिजिटल प्रोसेसरमुळे हे काम आता घरी, लॅपटॉपवर करता येतं. तरी ज्याला मोजायचं नाही, त्याने या फंदात पडू नये.

धोका ट्वीटरला. वायरींची अदलाबदल झाली, तर खालचे स्वर थेट त्याच्यावर जातात आणि तो क्षणात जळतो. ॲम्प चालू करतानाचा धक्काही त्याला पुरतो. म्हणून ट्वीटरच्या वाटेत संरक्षणासाठी एक कॅपॅसिटर ठेवावा, वायरींना खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि पहिली चाचणी अगदी कमी आवाजात घ्यावी. आणि काढलेला क्रॉसओव्हर टाकून देऊ नका. कोणती वायर कुठे होती त्याचा फोटो काढा आणि क्रॉसओव्हर खोक्यात जपून ठेवा.