इंट्रोडक्शनमधला ‘पण’

आजचा भाग थिसिसचं सबमिशन तोंडावर आलेल्यांसाठी.

पिकांवरच्या रोगांचा कुठलाही एमटेकचा थिसिस उघडा. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं: ‘अ‍ॅग्रिकल्चर इज द बॅकबोन ऑफ इंडियन इकॉनॉमी.’ मग दोन पानं शेतीचं महत्त्व, एक पान डीप लर्निंग म्हणजे काय, आणि एकदम ‘इन धिस थिसिस वी प्रपोज...’. इंग्रजी चुकलेलं नसतं. तरी व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, “यात नवीन काय?” आणि आपण गाइडकडे बघतो.

मराठी मीडियमवाल्यांना वाटतं, आपलं ग्रामर कच्चं. पण गोम वेगळीच आहे. जॉन स्वेल्स या भाषातज्ज्ञांनी 1981 मध्ये रिसर्च पेपरची 48 इंट्रोडक्शन्स घेऊन त्यांची रचना तपासली. 1990 च्या पुस्तकात त्यांनी तीन पावलांचं मॉडेल मांडलं, ‘क्रिएट अ रिसर्च स्पेस’. म्हणजे काय, तर लोकलमध्ये ‘जरा सरका’ म्हणून चौथी सीट मागतो ना, तसं. आधी सांगायचं की विषय महत्त्वाचा आहे, त्यावर इतकं काम झालंय. मग, त्यात अमुक राहिलंय. मग, ते मी करतोय.

आपण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. मधलं पाऊल गायब! मोठ्या लोकांच्या कामात काय राहिलं हे म्हणणं आपल्याला आगाऊपणा वाटतो, हेही एक कारण असावं.

समजा तुमचा विषय कपाशीच्या पानांवरचे रोग. 2016 चा एक गाजलेला पेपर आहे. प्लांटव्हिलेज डेटासेट, 14 पिकांचे 54,306 फोटो, अचूकता 99.35 टक्के. बाप रे, मग आपण करायचं काय? तोच पेपर पुढे वाचा. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास घसरली. आणि त्या 14 पिकांत कापूस नाहीच.

झालं, सापडलं मधलं पाऊल! ‘एकसारख्या बॅकग्राउंडवर ठेवलेली पानं मॉडेल ओळखतं, पण बाहेरच्या फोटोंवर अडखळतं.’ इंग्रजीत हा ‘पण’ म्हणजे ‘हाउएव्हर’. यात कुणाचा अपमान नाही, त्यांनी स्वतःच लिहिलंय. मात्र 2016 नंतर बरंच काम झालंय, कापसावरही. त्यामुळे नवे पेपर बघून तुमचा ‘पण’ आणखी नेमका करा. ‘यावर कुणीच काम केलेलं नाही’ असं तर लिहूच नका. एक्स्टर्नलनी तेवढा एक पेपर काढून दाखवला की खेळ खलास.

माझं ऐकाल तर हे वाक्य आधी मराठीत मित्राला व्हॉइस नोटवर सांगा. तीस सेकंदांत त्याला कळलं नाही, तर इंग्रजीत एक्स्टर्नलनाही कळणार नाही. आणि रिझल्ट हातात आले की इंट्रोडक्शन परत उघडा. तुमचा मॉडेल शेतातल्या फोटोंवर चाललाच नाही, फक्त प्रकाश बदलला तेव्हा चालला, तर ‘पण’सुद्धा प्रकाशाचाच हवा.

पुढच्या भागात लिटरेचर रिव्ह्यू.